गरुडाचे डोळे

"पण सर, ज्या जगात मंत्र म्हटला की मेलेला घोडा उठून उभा राहतो, तिथं कुणाचे डोळे अधू कसे राहतील?"

सारंगनं हे पुन्हा एकदा विचारलं. माईणकर सर ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिले...

सर भूगोलाचे निवृत्त मास्तर, पण त्यांचा खेळ जगावेगळा. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, राक्षसांशी लढायचं, मंत्र टाकायचे. कुणाचा वार लागला आणि कुणाचा हुकला, हे फासा ठरवणार. चिपळुणातली पोरं हा खेळ या ओसरीवरच शिकली. सारंग त्यांतला सगळ्यात हुशार, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडत नसे. यंदा त्यानं घरी स्वतःचा पट मांडला होता आणि स्वतःचं जग रचलं होतं.

त्या पटावर केतकी होती, त्याची शाळेपासूनची मैत्रीण. तिचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड. गोष्टीत तिनं एक जादूगारीण घेतली, तीही अधू डोळ्यांची, पोथी नाकाला लावून मंत्र वाचणारी. सारंगला ते खुपलं. इतक्या सुंदर जगात हे कशाला?

म्हणून मागच्या रविवारी त्यानं गोष्टीच्या वाटेत एक झरा काढला. एका साधूकडून जादूगारिणीच्या डोळ्यांवर पाणी शिंपडवलं आणि जाहीर केलं, की हिला आता गरुडासारखं दिसतं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

केतकीनं हातातला फासा खाली ठेवला. "मला विचारलं असतंस," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

तेव्हापासून ती फोन उचलत नव्हती. सारंगच्या मते हा 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' असा प्रकार होता. सोनारानंच कान टोचावेत, सरांनी तिला बोलावून दोन शब्द सांगावेत, म्हणून तो आला होता.

"तुझ्या गोष्टीतल्या खिंडीतला तो राक्षस," सर म्हणाले, "त्याला डोळे किती?"

"एक."

"झरा त्याच्या वाटेवर नाही?"

"तो राक्षस आहे, सर. तो तसाच हवा."

आपलंच वाक्य सारंगच्या कानात राहिलं. कान तापले. तो घाईघाईनं सारवासारव करू लागला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, खरी अडचण खेळाची होती. केतकीनं फासा टाकला की ती पटावर ओणवी होई, नाक टेकवून आकडा शोधत बसे. तोवर लढाई थंड पडे आणि पोरं जांभया देत.

सरांचे हात थांबले.

"आपल्याकडे उजव्या हाताला बसलेल्यानं आकडा मोठ्यानं म्हणायची रीत होती. तुझ्याकडे?"

सारंगनं खरं ते सांगितलं. ती रीत त्यानं बंद केली होती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला आकडा पुन्हा ओरडून कशाला सांगायचा? त्याला ती पहिल्यापासून म्हाताऱ्याची हौस वाटायची. हे मात्र तो मनातच म्हणाला.

सरांनी खिशातून वीस पैलूंचा फासा काढला आणि टाकला. फासा गडगडत जाऊन सारंगच्या पायाशी थांबला. सारंग बघत राहिला. सरही थांबले...

मग ते पुढे वाकले. त्यांचा हात जमिनीवर फिरू लागला, आधी टरफलांत, मग खांबाशी. बोटं फाशाला लागली तशी तो कलंडला. वर कोणता आकडा होता, ते गेलंच.

सारंगनं इतकी वर्षं या ओसरीवर काढली होती. हा माणूस उंबरठा पायानं चाचपून ओलांडतो, हे त्यानं पाहिलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. सरांच्या उजव्या हाताला बसायचा मान त्याचा. त्यांचे आकडे वर्षानुवर्षं त्यानंच म्हटले होते, कडक आवाजात, भालदारासारखे. ते आपण कुणासाठी म्हणतो, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पटावर ओणवी झालेली केतकी त्याला आठवली. तेव्हा कुणीतरी हसलं होतं, आणि त्याच्यामागोमाग आपणही हसलो होतो. आता लाजेनं मान वर होईना.

"तिच्याकडे जातो, सर," तो म्हणाला. "पण जाऊन सांगू काय?"

सरांनी फासा उचलला, मुठीत घोळवला आणि पुन्हा टाकला. तोंड त्यांचं अंगणाकडे होतं.

"काय पडलं, तेवढं सांग."