हैबतीचा खटक्याचा चाकू

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून झाला नव्हता, व्हायचा होता. नाव हैबती. नाव ऐकून कुत्र्यांनीसुद्धा घाबरावं. पण गावची कुत्री त्याला ओळखत होती.

हैबतीला कुणी काही सांगितलं की तो उपरण्याला गाठ मारायचा. सांगितलेलं विसरू नये म्हणून. विसरत तो काहीच नसे. तोच तर घोटाळा होता.

त्याचं लग्न शेजारगावच्या सुगंधाशी ठरलं. सुगंधानं त्याच्याआधी चांगली हुशार स्थळं नाकारली होती. "हुशार नवरा दिवसभर शिकवत बसतो. त्यापरीस भोळा बरा," असं तिचं म्हणणं. तिचा बाप केरबा मात्र धास्तावलेला होता. पोरीपुढं चालत नव्हतं, म्हणून गप्प होता.

आता नवरदेवाच्या हातात कट्यार हवी आणि कट्यारीच्या टोकाला लिंबू हवं, ही रीत. गावात कट्यार एकच, पाटलांची. ती त्याच मुहूर्तावरच्या दुसऱ्या लग्नात गेलेली.

"कट्यार नसली तर काय हुतं, आये?"

"दिष्ट लागती," आई म्हणाली. "आन् मांडवात नवरदेव कोण ते कळाया नको? ज्याच्या हातात पातं, त्यो नवरदेव."

हैबतीनं गाठ मारली.

"जा, बाजारातनं घडीचा चाकू आण. स्वस्तातला आण, पर चांगला कापणारा. लगीन झाल्यावर कांदा चिराया हुईल. आन् कापून बघितल्याबिगर घिऊ नगं."

हैबतीनं गाठ मारली.

बाजारात एक लोहारीण पाल टाकून बसली होती. पुढ्यात विळे, खुरपी, चाकू. हैबतीनं सगळ्यात स्वस्त चाकू उचलला. आता कापून बघायचं, तर जवळ काय होतं? पालाची दोरी. ताणलेली, अगदी हाताशी. त्यानं ती कापली. पाल खाली आलं.

"मावशी," हैबती पालाला म्हणाला, "कापतो चांगला. केवढ्याला?"

पालाखालून उत्तर आलं, पण त्यात किंमत नव्हती.

लोहारीण रांगत बाहेर आली. बाई भली होती. तिनं हैबतीला आधी एक ठेवून दिली आणि मग शिकवलं. "मुठीच्या नक्षीवर भाळू नगं, मूठ कांदा कापत न्हाई. पातं पातळ बघ, पातळ पातं सरसर चिरतं. आन् खटका बघ खटका! उघडलेलं पातं मागनं दाबायचं. मिटलं, तर बोटं गेली समज. तसला सोडून द्यायचा. न्हाई मिटलं, तर घ्यायचा."

हैबतीनं गाठ मारली. मग एकेक चाकू उघडून दाबला. एक मिटेना. साधी लाकडी मूठ, पातळ पातं, उघडताना खट्ट वाजायचं. महागही नव्हता. हैबती खूश. इथपर्यंत सगळं ठीकच झालं म्हणायचं.

घरी आला तर केरबा लग्नाचं बोलायला आलेला. त्याचा गुडघा दुखायचा, म्हणून एक पाय सरळ लांब करून घोंगडीवर बसला होता. हैबतीनं त्या पायाकडे बघितलं. सोयरीक जन्माची. बघून घेतलेली बरी. त्यानं केरबाचा पाय उचलला आणि गुडघ्यामागून दाबला. पाय मिटला. केरबाची बोंब वेशीपर्यंत गेली.

"आये, ह्यास्नी खटका न्हाई," हैबती म्हणाला. "सोडून देऊ."

"तू काय सोडतोस? मीच सोडतो!" केरबा गुडघा धरून ओरडला. "मांडवात आणखी एक येडेपणा केलास, तर पडलेल्या अक्षता परत पोत्यात भरीन. पोरगी मिळायची न्हाई!"

हैबतीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. जत्रेत सुगंधानं त्याला रस्ता विचारला होता, तो त्यानं चुकीचा सांगितला होता, आणि तरी ती परत येऊन हसली होती. दुसरं कुणी असतं तर परत येऊन चप्पल काढली असती. ती हातची जाऊ नये म्हणून त्यानं समजूत काढायचं ठरवलं आणि उघडा चाकू केरबाच्या पोटापुढं धरला.

"मामा, ह्यो बगा. ह्यो मिटत न्हाई. घ्या."

केरबा भिंतीला चिकटला. आईनं कपाळावर हात मारला. "आरं, धारेची वस्तू हातातनं हातात देऊ नये! भांडण लागतं. खाली ठिवायची, दुसऱ्यानं उचलायची."

हैबतीनं गाठ मारली.

पुढं देवकार्याची पंगत बसली. आई म्हणाली, जरा भाकरी वाढ. हैबतीनं प्रत्येकाची भाकरी पत्रावळीशेजारी मातीत ठेवली आणि म्हणाला, "उचला."

"भाकरीनं कुठं भांडण लागतं व्हय रं?" आई रडकुंडीला आली. "ज्यानं घरात भांडण लागतं, तेवढंच खाली ठिवायचं!"

पंगतीत हैबतीचा सख्खा मामा होता. तो खो-खो हसला. "मग बायकू खाली ठिव, भाच्या! तिच्याइतकं भांडण दुसऱ्या कशानं लागत न्हाई."

मागं मामी उभी होती. मामानं मातीतली भाकरी मुकाट्यानं खाल्ली. पण हैबतीनं तोवर गाठ मारली होती, आणि ती सगळ्यात मोठी होती.

लग्न सुगंधाच्या दारात लागलं. हैबती शहाण्यासारखा उभा. चाकू उघडा, खटका लागलेला, टोकाला लिंबू. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. केरबाचा जीव भांड्यात पडत आला होता. मग कन्यादान आलं. केरबानं लेकीचा हात धरला आणि जावयाच्या हातात द्यायला पुढं केला.

हैबती मागं सरला. "मामा, हातात नगा देऊ! खाली ठिवा. मी उचलतो."

वाजंत्री थांबली. केरबाच्या मिशा थरथरल्या. "पोतं आणा रं!" तो गरजला, आणि कुणी आणेपर्यंत दम निघेना म्हणून स्वतःच घरात गेला.

सुगंधाला हसू आवरेना. हसता हसता ती पाटावरून उतरून मातीतच बसली.

"ठेवलंय," ती म्हणाली. "उचला."

उचलायला दोन्ही हात लागणार. हैबतीनं चाकू खाली ठेवला आणि वाकला. पण पोरगी चपळ. तिनं चाकूच आधी उचलला आणि लिंबासकट वर धरला.

हैबती वाकलेलाच राहिला. पहिली गाठ आठवली. ज्याच्या हातात पातं, त्यो नवरदेव. पातं तिच्या हातात. आपले हात रिकामे. मग आपण कोण?

उपरणं गाठींनी आखडून वीतभर उरलं होतं. तरी त्यानं ते ओढून डोक्यावर घेतलं, मान खाली घातली आणि आईच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.

"आये, चालले गं मी सासरी! दिवाळीला न्यायला मुराळी धाडशील न्हवं?"

सुगंधानं डोळे पुसले, हसून आलेले.

"रडू नगं," ती म्हणाली. "नांदवीन मी."

केरबा पोतं घेऊन उंबऱ्यात आला होता. अर्धं पोतं तांदूळ त्यात आधीच होते, उरलेले मांडवातून गोळा करायचे होते. त्यानं ते खाली टेकवलं. तेवढ्यात हैबती डोईवरचं उपरणं सावरत, लाजत, उंबऱ्याशी आला. त्यानं पोत्याला उजवा पाय लावला. तांदूळ घरभर सांडले. तो त्यावरून आत गेला आणि आतून मंजुळ आवाजात विचारलं, "मामंजी, चूल कुठं हाय?"