रोहित उडाले तेव्हा

काही वर्षांमागची गोष्ट. धरणाकाठी एक कॅमेरा वर्षभर रोहित पक्ष्यांची वाट बघायचा. त्याला ध्यास एकच, थवा उडताना पंखांतली लाली टिपायची.

थंडीत पक्षी आले आणि पाण्यात नुसते उभे राहिले. तेवढ्यानेच हरखून कॅमेरा फोटोमागून फोटो काढत सुटला. पोटातलं मेमरी कार्ड कळवळलं, "दादा, दम धर रे! मला एकेक सावकाशच लिहून घेता येतं. पार घशाशी आलंय."

"गोगलगाय मेली!" म्हणत कॅमेरा काढतच राहिला.

तेवढ्यात थवा उठला. आभाळ लालेलाल झालं. कॅमेऱ्याचा डोळा काही मिटेना, एकही फोटो निघेना, कारण कार्डाचे आधीचेच फोटो लिहायचे राहिले होते.

"हं, घे आता," कार्ड म्हणालं, तेव्हा समोर हलतं पाणी तेवढं उरलं होतं. कॅमेऱ्याने तेच टिपलं.

उभ्या पक्ष्यांचे ढीगभर फोटो आहेत त्याच्याकडे. पण बघत बसतो, तो त्या पाण्याकडेच.