तक्त्यात नसलेली बाई

“मग चूक दाखवा ना, बाबा. एक तरी दाखवा.”

शिमशोन झिराडकर तिसऱ्यांदा विचारत होता आणि हनोखबाबा तिसऱ्यांदा गप्प होते.

शिमशोनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. का नाही जाणार? दोन वर्षं खपला होता तो त्या तक्त्यावर.

रेवदंड्याकडच्या एका खेड्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं छोटं प्रार्थनामंदिर होतं. तिथली प्रार्थना हनोखबाबा चाळीस वर्षं चालवत आले होते. आता त्यांचे गुडघे गेले होते, कित्येक महिन्यांत ओट्याखाली पाय ठेवला नव्हता. त्यांची जागा शिमशोनला हवी होती. शनिवारच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर बाबांनी “माझ्यामागे हा” एवढं म्हटलं, की झालं.

आणि बाबा म्हणत नव्हते.

तक्ता चादरीएवढा होता. मशीहा, म्हणजे देव पाठवणार तो तारणारा राजा येणार, हे कोणत्या संदेष्ट्याने कसं सांगितलं आणि एकाचं दुसऱ्याशी कसं जुळतं, ते त्यात मांडलं होतं. यशया म्हणतो, तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल. यिर्मया म्हणतो, तो अंकुर दावीद राजाच्या घरातला. मीखा त्याचं गाव सांगतो. जखऱ्या त्याला गाढवावर बसवून आणतो. मलाखी म्हणतो, त्याच्या आधी एलियाहू संदेष्टा येईल. शेकडो वर्षांच्या अंतरावरची ही माणसं शिमशोनने लाल रेघांनी जोडली होती. काम चोख होतं, खोटं कशाला बोला.

“यिर्मया काढ,” बाबा शेवटी म्हणाले. “अंकुराच्या एक अध्याय मागे. वाच.”

शिमशोनने वाचलं. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळू नका, असं होतं तिथे.

“जखऱ्या. गाढवाच्या दोन अध्याय मागे.”

पुन्हा विधवा. पुन्हा पोरका.

“यशया. धुमाऱ्याच्या आधीचा.”

तिथे विधवांना लुबाडणाऱ्यांवर यशया तुटून पडला होता. मग मलाखी. वाचता वाचता शिमशोनचा आवाज खाली आला.

“हे कुठंय तुझ्या तक्त्यात?”

“हे भविष्य नाही, बाबा. हा उपदेश झाला. मी फक्त भविष्य वेचलं.”

“वेचलंस...”

बाबांनी तक्ता बाजूला सारला.

“सकाळी मिलकाबाईला काय सांगितलंस?”

शिमशोनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सांगायचं ते सांगितलं होतं, कामात आहे म्हणून. मिलकाबाई विधवा. तिची मुलगी विषमज्वरातून उठली, म्हणून तिने एलियाहूच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य बोलला होता. गोड पोहे, खोबरं, फळं, ताट भरून तयार होतं. प्रार्थना म्हणायला तेवढं कोणीतरी हवं होतं.

कामाचं डोंबल! खरी गोष्ट अशी, की मिलकाबाईची आजी बाहेरच्या जातीतली होती, म्हणून तिच्या घराला ‘काळे’ म्हणत. कातडीच्या रंगाचा काही संबंध नाही हो, मिलकाबाई शिमशोनपेक्षा उजळच होती. पण शिमशोनसारख्या, स्वतःला ‘गोरे’ म्हणवणाऱ्यांनी काळ्यांकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही. कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे? कुठल्याच नाही. शेजारपाजारच्या जातपातीतून उचललं आणि देवाच्या नावावर खपवलं. लाज कशी वाटत नाही माणसांना, देव जाणे.

शिमशोनला लाज नाही, संतापच आला. मिलकाबाईचा मलिदा खाल्ला असता, तर शनिवारी त्याला तिथे उभं कोणी केलं असतं? हे बाबांना कळत नव्हतं थोडंच!

“एवढी मोठी गोष्ट मी तुमच्यापुढे मांडलीय,” तो म्हणाला, “आणि तुम्ही एका बाईच्या ताटापाशी अडलाय?”

 बाबा भिंतीचा आधार घेऊन उठले. टोपी घातली. कण्हत कण्हत ओट्याची पहिली पायरी उतरले, मग दुसरी.

शिमशोन धावला, त्यांचा दंड धरला. बाबांनी त्याचा हात अलगद सोडवला.

“बाबा, पडाल. कुठे निघालात?... आणि मशीहाचं काय?”

तिसऱ्या पायरीवर बाबा दम घ्यायला थांबले.

“तू बस इथे त्याची वाट बघत,” ते म्हणाले. “आलाच, तर त्याला सांग... तुझं पान मिलकाबाईकडे मांडलंय.”