माळीबाबा गवतावर बसले

डोंगराच्या कुशीत वसलेल्या एका नगरात एक माळी होता. नगराच्या मधोमध सगळ्यांसाठी खुली असलेली मोठी बाग होती. तरुणपणी तो तिथे कामाला लागला आणि तिथेच त्याचे केस पिकले. लोक त्याला तुळाजीबाबा म्हणत.

बागेच्या मध्यभागी त्याचा जीव की प्राण असलेला गुलाबांचा भलामोठा ताटवा होता. भोवती काटेरी कुंपण. जवळ कुणी फिरकलं, की तुळाजी लांबूनच ओरडे, "अहो, मागं व्हा! बघा, पण लांबून!"

पाठ वाकली, तेव्हा तुळाजीने कुदळ खाली ठेवली. निरोपाचा मोठा समारंभ झाला. शाल-श्रीफळ देऊन नगराच्या राणीसाहेब म्हणाल्या, "बाबा, तुमच्या हाताखाली शिकलेली गिरजा आता बाग पाहील. पण बागेबाबत तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही नको म्हणालात, तर तिथलं पानही हलणार नाही."

तुळाजीची छाती अभिमानाने फुगली.

घरी मात्र त्याचे हात स्वस्थ बसेनात. त्याने अंगणातली तुळस छाटली, दुसऱ्या दिवशी पुन्हा छाटली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या तुळशीला आता कृष्णाला वाहायला तरी चार पानं राहू द्या!"

एके दिवशी शेजारी धापा टाकत आला. "बाबा, घात झाला! गिरजाने तुमचा गुलाबांचा ताटवा केव्हाच काढून टाकलाय, मी आज पाहिलं!"

तुळाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या पाठीमागे ही हिंमत? आत्ताच्या आत्ता राणीसाहेबांकडे जातो!" पायांत वहाणा सरकवून तो तरातरा निघाला.

राजवाड्याची वाट बागेतूनच जात होती. ताटव्याची जागा आली आणि तुळाजी थबकला.

काटेरी कुंपण गेलं होतं. तिथे हिरवंगार गवत पसरलं होतं आणि गवतभर माणसं होती. पोरं कोलांट्या मारत होती. बायका डबे उघडून गप्पा मारत होत्या. एक थकलेला हमाल ओझं बाजूला ठेवून डोक्याखाली हात घेऊन निवांत पडला होता. गुलाबांची झाडं भिंतीच्या कडेने लावलेली दिसली. काहींनी नवी पालवी धरली होती, दोन-तीन मात्र माना टाकून उभी होती.

तेवढ्यात गिरजा धावत आली. "बाबा, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं मी. धीरच झाला नाही. लोकांना बसायला जागा नव्हती हो. तुम्ही म्हणाल तर ताटवा होता तसा करते."

हसणंखिदळणं थांबलं. पोरं आयांना बिलगली. सगळे तुळाजीच्या तोंडाकडे बघू लागले. त्याने एक शब्द उच्चारायचा अवकाश, कुंपण पुन्हा उभं राहिलं असतं.

तुळाजीने गवतावरच्या माणसांकडे पाहिलं. इतकी वर्षं या बागेत काढली, पण इथे आपण कधी बसलो? त्याला आठवेना.

त्याने वहाणा काढल्या. गवतावर पाऊल टाकलं. गारवा थेट काळजापर्यंत गेला. गुडघे धरत धरत तो खाली बसला आणि म्हणाला, "गिरजे, ही जागा फार छान केलीस गं. मला सुचायला हवं होतं."

गिरजाचे डोळे भरून आले. एका बाईने लगेच आपला डबा पुढे केला, "बाबा, थालीपीठ घ्या, गरम आहे." पोरांनी पुन्हा कोलांट्या सुरू केल्या. त्यातली एक चिमुरडी थेट बाबांच्या मांडीवर येऊन पडली, तसा तुळाजी खदखदून हसला.

मग तो राजवाड्यावर गेलाच. "राणीसाहेब, माझा शेवटचा शब्द परत घ्या. तो गिरजाला द्या. जिच्या हातात कुदळ, तिचाच शब्द."

"मग तुमच्याकडे काय उरलं, बाबा?"

"अख्खी बाग उरली की! आजवर मी तिची राखण केली, आता तिचा आनंद घेईन."

दुसऱ्या दिवसापासून तुळाजी आणि त्याची बायको रोज संध्याकाळी बागेत येऊ लागली. गिरजाला कधी अडलं तर ती विचारी, तो सांगे. तिने विचारलं नाही, तर तो शेंगा सोलत पोरांना गोष्टी सांगत बसे.

तात्पर्य एवढंच: काम सोपवायचं तर मनापासून सोपवावं, जो मूठ उघडतो, त्याच्याच हाताला नवं सुख लागतं.