खाटेच्या लाकडाची बास गिटार

"दांडी मोडेल का, चाचा? तेवढं एक सांगा. मोडेल का नाही?"

सलोमीने हे तिसऱ्यांदा विचारलं. मदारचाचांनी अजून मान वर केली नव्हती. मिरजेच्या त्या गल्लीत सतारी-तंबोरे घडवण्यात त्यांचा जन्म गेलेला, आणि घाईघाईने आलेल्या माणसाला जरा तिष्ठत ठेवायचं ही त्यांची जुनी खोड. ते शांतपणे कानस घासत राहिले.

सलोमी आवळे कुपवाडच्या कारखान्यात फिटर. लोखंड कसं वागतं ते तिला विचारावं! लाकडाशी मात्र गाठ पहिलीच. मांडीवर तिने स्वतः बनवलेली बास गिटार होती, चार जाड तारांची. धड जुन्या दरवाजाचं, दांडी मोडक्या खाटेच्या लांब फळीची, खुंट्या भंगारबाजारातल्या. नव्या होत्या त्या फक्त तारा, आणि त्यांतच तिची सगळी शिल्लक संपली होती. त्या तुटल्या तर दुसऱ्या आणायची सोय नव्हती.

दोन वर्षं ती चर्चच्या गायनवृंदात दुसऱ्याची गिटार वाजवत होती. तो भला माणूस गेल्या महिन्यात गिटारीसकट पुण्याला गेला. वृंदाच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं: रविवारी स्वतःचं वाद्य घेऊन ये, नाहीतर तुझा भाग कीबोर्डवर जाईल. आणि एकदा कीबोर्डवर गेला की गेलाच.

रविवार उद्यावर आला होता.

"आण इकडं," चाचा म्हणाले.

त्यांनी दांडीवर बोटाच्या पेराने ठोकलं. कान लावला.

"सागवान. जुनं हाय."

"खाटेचं आहे."

"चांगलं वाळलंय." त्यांनी एक तार छेडली. झर्रर्र... "ही बोलती का नुसती कुरकुरती?"

सलोमीचा चेहरा उतरला. "कुरकुरतेच. म्हणून तर आले. चारही तारा, कुठंही दाबा, हेच."

चाचांनी गिटार पालथी केली. दांडीच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत लोखंडी पट्टी होती, अकरा स्क्रूंनी आवळलेली.

"ही कशापायी?"

"दांडी वाकू नये म्हणून. विकतच्या गिटारीत आत सळई असते, ती मला परवडली नाही." आणि इथे सलोमीबाईंच्या आवाजात जरा ताठा आलाच. "तारा पूर्ण चढवल्यात, चाचा. तरी केसाइतकी हललेली नाही. बघा!"

तिने पिशवीतून मोजायची पोलादी पट्टी काढली. तारांच्या मधून, दांडीवर आडव्या बसवलेल्या पडद्यांवर उभी धरली आणि गिटार दाराच्या उजेडाकडे केली. पट्टीच्या खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

"आमच्या वर्कशॉपमध्ये असं काम दाखवलं ना, तर साहेबसुद्धा गप्प बसेल."

"अजिबात उजेड नाही?"

"अजिबात नाही."

"वा," चाचा म्हणाले. पण ती काही शाबासकी नव्हती.

त्यांनी सगळ्यांत जाड तार हळूच ओढून सोडली.

"माझ्याकडं नको बघू. तारेकडं बघ. कुठं जास्त हलती?"

"मध्ये."

"आणि मध्ये खाली काय हाय?"

"पडदे..."

"तारंला हलायला जागा किती ठेवलीस?"

हिशेब सलोमीला कळला होता: दांडी जराशी वाकली, तरच मध्ये तारेला हलायला जागा मिळणार. पण कळणं वेगळं आणि हात धजावणं वेगळं.

"म्हणजे पाठीवरची पट्टी... काढायची?"

"तू लावलीस, तूच काढ."

"आणि दांडी वाकली तर?"

"वाकंल की."

"चाचा, थट्टा करू नका हो! अख्ख्या चर्चला सांगून बसलेय मी, स्वतः बनवतेय म्हणून. मोडली तर तोंड कुठं दाखवू? मला भीती वाटतेय."

"वाटू दे."

तिसऱ्या प्रहरी मशिदीतून असरची अजान आली. चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"मी नमाज पढून येतो. तवर पट्टी काढून ठेव."

आणि खरंच निघून गेले! सलोमी दुकानात एकटी. भिंतीवर बिनतारांच्या सतारी, समोर स्वतःचं महिनाभराचं काम.

तिने तारा ढिल्या केल्या. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मनातल्या मनात तिने प्रार्थना म्हटली आणि पहिला स्क्रू फिरवला.

चाचा परतले तेव्हा पट्टी जमिनीवर पडली होती. सलोमी मात्र गिटार छातीशी धरून बसली होती.

"तारा चढवल्या नाहीस?"

"तुम्ही यायची वाट बघत होते."

"आलो. चढव."

पहिली तार चढली. दुसरी. तिसरीला दांडी कर्रर्र करून बोलली, आणि सलोमीने डोळे मिटून घेतले.

"थांबू का?"

चाचांनी कानस उचलली आणि आपलं काम सुरू केलं.

...

चौथी तार स्वरावर आली. सलोमीने पोलादी पट्टी पडद्यांवर धरली. मधोमध, पट्टीच्या खाली, उजेडाची बारीक रेघ.

"वाकली, चाचा! बघा, वाकली!"

"वाजव."

"अहो, पण उजेड येतोय..."

"वाजव म्हणतो ना."

तिने तार छेडली. कुरकुर नाही. जाड, गोल, लांबलचक स्वर. तिने दुसऱ्या पडद्यावर दाबलं, पाचव्यावर, सातव्यावर. सगळीकडे तसाच. सलोमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

बराच वेळ ती वाजवत राहिली. मग पुन्हा तीच बोटं दांडीच्या पाठीवरून फिरायला लागली, चाचपत.

"चाचा... उद्या सकाळपर्यंत आणखी नाही ना वाकणार? आणि परवा? पावसाळ्यात?"

मदारचाचांनी कानशीवरचा भुसा फुंकला.

"वाकती म्हणून तर बोलती. वाकायची थांबली," ते म्हणाले, "की त्या दिवशी माझ्याकडं घेऊन ये."