खडकासारखा प्रोग्रॅम

तुम्ही कधी चालू कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलेलं पाहिलंय का?

कराडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दर खंडेनवमीला तसं होई. बाकीची यंत्रं पूजेसाठी बंद ठेवत, पण हा कॉम्प्युटर बंद करायची कुणाची छाती नव्हती. त्यावर दूधसंघाचा जुना प्रोग्रॅम चाले. तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच वारले होते. तो बंद पडला, तर गावोगावी दूध घेणंच थांबलं असतं. म्हणून मृणालिनी आणि तिचे दोन सहकारी तो नव्याने लिहायची परवानगी मागत.

यंदाही मालक भालचंद्रराव हसले. "अगं, खडकासारखा प्रोग्रॅम आहे. नव्याची हौस कशाला?"

"बरं साहेब," मृणालिनी म्हणाली, "मग आज तुमच्याच हातानं हा बंद करून पुन्हा सुरू करा. सुरू झाला, तर आम्ही हा विषय कायमचा सोडतो."

भालचंद्ररावांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आणि नाही सुरू झाला तर?"

"साहेब, आम्ही इतकी वर्षं हेच तर विचारतोय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, तिघांनी नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला.