ठिपकीचा कुरकुरीत घास

एक होती मुंगी. एवढीश्शी! लांबून पाहिलं तर कुणी पेनानं ठिपका दिलाय असंच वाटायचं. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकी राहायची स्वयंपाकघरात, फरशीच्या फटीत. कालच आजीनं सगळं घर पुसलं होतं. लख्ख! साखरेचा कण नाही. पोळीचा तुकडा नाही. ठिपकी काल उपाशी. ठिपकी आजही उपाशी. पोट बिचारीचं पाठीला लागलं होतं.

आणि आज घरात काय चाललं होतं? बाबा रॅव्हिओली करत होता!

रॅव्हिओली म्हणजे काय? पिठाची छोटीशी चौकोनी उशी. उशीच्या पोटात पनीर. कडा काट्यानं दाबून बंद.

आजी म्हणाली, "अरे, ही तर चौकोनी करंजी!"

बाबा म्हणाला, "करंजी नाही गं आई. रॅव्हिओली."

आजी म्हणाली, "बरं बाबा. तुझी ती चौकोनी करंजी."

बाबा म्हणाला, "आधी एकच करून बघतो."

त्यानं एक रॅव्हिओली ताकात बुडवली. चुबुक! पावाच्या चुऱ्यात घोळवली. खुस खुस! एअर फ्रायरमध्ये ठेवली. घूंऽऽऽ घूंऽऽऽ... टिंग!

रॅव्हिओली झाली सोनेरी. रॅव्हिओली झाली कुरकुरीत. आणि उरलेलं ताक? ते बाबानं गटागटा पिऊन टाकलं. मिशी झाली पांढरी!

आजी खाली बसली. मांडीवर घेतलं जुईला. जुई म्हणजे बाबाची लेक. दात इवलेसे, आवाज मोठा! आजीनं रॅव्हिओलीचे तुकडे केले. फू फू करून गार केले.

"हा घास चिऊचा." जुईनं खाल्ला. अम्!

"हा घास काऊचा." जुईनं खाल्ला. अम्!

"हा घास माऊचा." जुईनं खाल्ला. अम्!

"हा घास मुंगीचा."

ठिपकी थबकली. मुंगीचा? म्हणजे माझा!

आता चिऊ होती झाडावर. काऊ होता तारेवर. माऊ होती शेजारच्या जिन्यात. त्यांना काय कळतंय? पण मुंगी? मुंगी तिथंच होती! ताटलीच्या अगदी जवळ. आणि उपाशी. आजीनं आपलं नाव घेतलं! ठिपकीनं आ केला. मोठ्ठा आ! मुंगीचा मोठ्ठा आ केवढा? मोहरीएवढासुद्धा नाही. पण केला.

अम्! जुईनं खाल्ला. गट्टम!

ठिपकीचा आ तसाच राहिला.

"माझं नाव घेतलं," ठिपकी म्हणाली, "आणि मला दिलंच नाही."

तिला फार फार वाईट वाटलं.

जुई म्हणाली, "आणखी!" पण ताटली रिकामी. मग काय! जुईनं भोकाड पसरलं. भ्यॅऽऽऽ! आजी उठली. जुईला खांद्यावर घेतलं. झुलवायला लागली. जुई गप्प होते का? छे! थांबायचं नावच नाही.

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु! आजीच्या पदरावरून चढली. गेली जुईकडे.

"जुई जुई, माझा घास दे."

"का गं ठिपकी?"

"ठिपकीला घास मिळेना!"

जुई मुसमुसत म्हणाली, "तो तर पोटात गेला. मी नाही देत जा! बाबा वाढेल, तेव्हा देईन."

ठिपकीचं तोंड एवढंसं झालं. पोटात गुडगुड, गुडगुड. आता काय करायचं?

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु! गेली बाबाकडे. बाबा कडा दाबत होता. हात दोन्ही पिठात.

"बाबा बाबा, रॅव्हिओली वाढ."

"का गं ठिपकी?"

"जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

बाबा म्हणाला, "कच्ची कशी वाढू? मी नाही वाढत जा! फ्रायर भाजेल, तेव्हा वाढीन."

ठिपकीला रडू आलं. तिनं ते गिळलं. दुसरं गिळायला होतंच काय?

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु! गेली एअर फ्रायरकडे. केवढा मोठा! केवढा काळा! तोंड मिटून बसलेला.

"फ्रायरदादा फ्रायरदादा, रॅव्हिओली भाज."

"का गं ठिपकी?"

"बाबा वाढेना.
जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

फ्रायर म्हणाला, "घूंऽऽऽ! चुरा नाही, तर कुरकुर कुठली? मी नाही भाजत जा! चुरा चिकटेल, तेव्हा भाजीन."

झालं! हाही नाही म्हणाला. ठिपकीचे पाय दुखले. पोटात गुडगुड, गुडगुड.

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु! गेली चुऱ्याकडे. चुरा ताटात पसरून बसला होता.

"चुरादादा चुरादादा, रॅव्हिओलीला चिकट."

"का गं ठिपकी?"

"फ्रायर भाजेना.
बाबा वाढेना.
जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

चुरा म्हणाला, "खुस खुस! कोरड्याला कसा चिकटू? मी नाही चिकटत जा! दही ताक होईल, तेव्हा चिकटेन."

ताक! आणि ताक कुठं होतं? बाबाच्या पोटात. थोडंसं मिशीला.

ठिपकीनं मिशीकडे पाहिलं. उसासा टाकला. या घरात सगळ्यांचं सगळं पोटात जातं. फक्त माझंच पोट रिकामं!

ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु! गेली दह्याकडे. दही पातेल्यात गाढ झोपलं होतं.

"दहीमावशी दहीमावशी, ताक हो."

"का गं ठिपकी?"

"चुरा चिकटेना.
फ्रायर भाजेना.
बाबा वाढेना.
जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

दही म्हणालं, "मला कुणी ढवळलं तर पाहिजे ना! मी नाही ताक होत जा! रवी फिरेल, तेव्हा होईन."

आणि दही पुन्हा झोपलं. ठिपकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

ठिपकी निघाली. तुरु... तुरु... तुरु. आता पाय उचलत नव्हते. भिंत केवढी उंच! खिळा केवढा वर! खिळ्याला लटकली होती रवी. ठिपकी चढली. घसरली. पुन्हा चढली.

"रवीताई रवीताई, दह्यात फीर."

"का गं ठिपकी?"

"दही ताक होईना.
चुरा चिकटेना.
फ्रायर भाजेना.
बाबा वाढेना.
जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

रवी म्हणाली, "मला का पाय आहेत? मी नाही फिरत जा! आजी धरेल, तेव्हा फिरेन."

"बाबानं धरलं तर?" ठिपकीनं हळूच विचारलं.

"नको गं बाई!" रवी म्हणाली. "मागे एकदा धरलं होतं त्यानं. अर्धं दही भिंतीवर! मला आजीचाच हात लागतो."

ठिपकी भिंतीवरून खाली आली. डोळ्यांपुढे अंधारी आली. पोट आता गुडगुड पण करेना. पोटसुद्धा दमलं.

"कुणी नाही माझं," ठिपकी म्हणाली. "कुणी कुणी नाही."

तरी निघाली. जाते कुठं! तुरु... तुरु... तुरु. पुन्हा आजीचा पदर. पुन्हा आजीचा खांदा. खांद्यावर जुई. भ्यॅऽऽऽ!

"आजी आजी, रवी धर."

"का गं ठिपकी?"

"रवी फिरेना.
दही ताक होईना.
चुरा चिकटेना.
फ्रायर भाजेना.
बाबा वाढेना.
जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

आजी म्हणाली, "अगं सोन्या, माझे हात दोन. दोन्हीत ही जुई. मी नाही धरत जा! जुई थांबेल, तेव्हा धरीन."

आता कोण राहिलं? जुई!

ठिपकी जुईच्या हातावर आली. हात ओला होता. जुईची मोठ्ठी मोठ्ठी टिपं त्यावर पडत होती. टप! टप! एक टिप ठिपकीच्या अंगावर पडता पडता राहिलं.

"जुई जुई, रडू थांबव."

"का गं ठिपकी?"

"आजी धरेना.
रवी फिरेना.
दही ताक होईना.
चुरा चिकटेना.
फ्रायर भाजेना.
बाबा वाढेना.
जुई देईना.
ठिपकीला घास मिळेना!"

जुई म्हणाली, "भ्यॅऽऽऽ! मी नाही थांबत जा! बाबा वाढेल, तेव्हा थांबेन."

बाबा वाढेल तेव्हा!

बाबा म्हणे फ्रायर. फ्रायर म्हणे चुरा. चुरा म्हणे दही. दही म्हणे रवी. रवी म्हणे आजी. आजी म्हणे जुई. आणि जुई म्हणे बाबा! जिथून निघाली तिथंच आली की ठिपकी! आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

ठिपकी तिथंच, जुईच्या हातावर, मटकन बसली. पाय पोटाशी घेतले. आणि रडली.

भ्यॅ नाही. टप नाही. मुंगीचं रडणं कुणाला ऐकू जाणार? एकच टिप आलं. टिप कसलं, टिपाचा कण. ते जुईच्या मोठ्ठ्या टिपाशेजारी पडलं.

जुई रडता रडता थांबली. वाकून बघायला लागली.

एक मोठ्ठं टिप. एक इवलंसं टिप.

"तू का रडतेस?" जुईनं विचारलं.

ठिपकी म्हणाली, "आजी म्हणाली, हा घास मुंगीचा. जुई, मी मुंगी. मी तिथंच होते. मी आ केला होता."

 जुईनं आपल्या पोटाकडे पाहिलं. मग ठिपकीच्या पोटाकडे पाहिलं. जुईचं पोट गोल. ठिपकीचं पोट दिसेचना.

जुई रडायचंच विसरली.

घर कसं चिडीचूप झालं! बाबानं वर पाहिलं. आजी म्हणाली, "अगं बाई, थांबली!"

जुई थांबली. आजीनं जुईला खाली ठेवलं.

आजीनं रवी धरली. रवी फिरली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र!

दही जागं झालं. दही ताक झालं. बाबानं हात पुढे केला. आजी म्हणाली, "हात मागे! हे प्यायचं नाही."

बाबानं रॅव्हिओली ताकात बुडवली. चुबुक!

चुरा चिकटला. खुस खुस!

फ्रायरनं भाजली. घूंऽऽऽ घूंऽऽऽ... टिंग!

बाबानं वाढली. सोनेरी सोनेरी, कुरकुरीत!

आजीनं तुकडे केले. फू फू करून गार केले. ठिपकी ताटलीजवळ उभी राहिली. आ मात्र केला नाही. एकदा केला होता. आता भीती वाटत होती.

"हा घास चिऊचा." जुईनं खाल्ला. अम्!

"हा घास काऊचा." जुईनं खाल्ला. अम्!

"हा घास माऊचा." जुईनं खाल्ला. अम्!

"हा घास मुंगीचा."

आजीचा हात निघाला. चालला वर. वर. जुईच्या तोंडाकडे! ठिपकीनं डोळे गच्च मिटले.

आणि अम् आलंच नाही.

ठिपकीनं एक डोळा उघडला. जुईनं ओठ घट्ट मिटले होते. जुईनं आजीचा हात धरला होता. आणि हात खाली ओढत होती. खाली. आणखी खाली. अगदी फरशीपर्यंत.

"मुंगीचा," जुई म्हणाली. "खरं खरं मुंगीचा."

घास ठिपकीच्या समोर आला. केवढा घास! ठिपकीच्या घराएवढा! वर सोनेरी, आत पांढरं पनीर. ठिपकीनं आ केला. मोठ्ठा आ!

कुर्रम.

इतका बारीक आवाज की फक्त जुईला ऐकू आला. जुई खुदकन हसली.

ठिपकीनं खाल्लं. पोटभर खाल्लं. मग उरलेलं ओढत ओढत घराकडे नेलं. तुरु तुरु तुरु!

तेव्हापासून त्या घरात मुंगीचा घास मुंगीलाच मिळतो. आणि चिऊचा? आणि काऊचा? चिऊ अजून झाडावर. काऊ अजून तारेवर. त्यांना बिचाऱ्यांना अजून काही ठाऊकच नाही. तुम्ही सांगाल का त्यांना?

ताटली झाली रिकामी,
गोष्ट झाली पुरी.
पोट धरून ठिपकी
झोपली आपल्या घरी.